पट्ट्याची परीक्षा आणि विद्यार्थ्याचे शील



आज मालवण, कुडाळ, कणकवली परिसरात कराटेचे वर्ग ही नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. शाळेच्या सभागृहात, देवळाच्या किंवा विहाराच्या अंगणात, जागा मिळेल तिथे रविवारी सकाळी पांढऱ्या गणवेशातील मुले रांगेत उभी दिसतात. वर्षातून दोन-तीन वेळा त्यांची बेल्ट परीक्षा होते. बाहेरगावचे परीक्षक येतात, पालक बाकावर बसतात, संध्याकाळी निकाल लागतो. मूल घरी परतले की वाडीतला प्रत्येक जण एकच विचारतो, "बेल्ट गावलो काय रे?" बेल्ट मिळाला की नाही एवढेच आपल्याला हवे असते. परीक्षेच्या त्या दोन-तीन तासांत मूल कसे उभे राहिले, कसे थकले, कसे रागावले, नाव पुकारले गेले नाही तेव्हा त्याचा चेहरा कसा झाला, हे कुणी विचारत नाही. माझ्या मते विचारण्यासारखे तेवढेच असते. या परीक्षेतून विद्यार्थ्याच्या स्वभावाचे काय कळते आणि काय कळत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम ही पद्धत आली कोठून ते पाहू. पुष्कळांची समजूत अशी की रंगीत पट्टे ही हजारो वर्षांची प्राचीन परंपरा आहे. वास्तविक ती आपल्या रेल्वेपेक्षाही तरुण आहे. जपानमधील जिगोरो कानो या शिक्षकाने १८८२ साली तोकियोतील एइशोजी या बौद्ध मंदिरात, बारा चटयांच्या जागेत, 'कोदोकान' नावाची ज्यूदोची शाळा सुरू केली. त्यापूर्वी जपानी युद्धविद्येच्या घराण्यांत गुरू शिष्याला परवान्याची गुंडाळी देत असे. टप्पे मोजके, आणि दोन टप्प्यांमध्ये वर्षानुवर्षांचे अंतर. कानो हाडाचा शिक्षक होता, पुढे तो तोकियोच्या उच्च अध्यापक विद्यालयाचा प्रमुख झाला. इतके लांब अंतर ठेवले तर सामान्य मुलाचा धीर सुटतो, हे त्याने ओळखले. 'गो' नावाच्या जपानी पटखेळात खेळाडूंना 'डॅन' अशी श्रेणी देण्याची रीत होती, ती त्याने उचलली आणि १८८३ साली आपल्या दोन शिष्यांना पहिली डॅन श्रेणी दिली. काळा पट्टा त्यानंतर काही वर्षांनी आला. आणि पिवळा, नारिंगी, हिरवा हे रंग तर मुख्यतः युरोपात १९२० आणि १९३० च्या दशकांत रूढ झाले. म्हणजे पायऱ्या जवळ आणल्या त्या मुलांना उत्तेजन मिळावे म्हणून. हा मूळ हेतू लक्षात ठेवावा, कारण पुढे पायरीलाच माडी समजण्याची चूक झाली.

कराटेत ही पद्धत आणली गिचिन फुनाकोशी यांनी. ओकिनावा बेटावरील हा प्राथमिक शाळेचा मास्तर १९२२ साली प्रात्यक्षिक दाखविण्यासाठी तोकियोला आला तो तिथेच राहिला. कानोशी त्याचा स्नेह जमला, गणवेश आणि पट्टा त्याने ज्यूदोवरून घेतला आणि १९२४ साली कराटेतील पहिल्या डॅन श्रेणी दिल्या. कराटेचा आरंभ आणि शेवट नमस्कारानेच होतो, आणि कराटेत पहिला वार आपला नसतो, अशी त्याची शिकवण होती. म्हणूनच त्याच्या शैलीतील प्रत्येक काता बचावाने सुरू होतो.

आपल्या वाचकांना रस वाटेल अशा दोन गोष्टी इथे सांगितल्या पाहिजेत. सरावाच्या जागेला जपानीत 'दोजो' म्हणतात. हा शब्द मुळात बौद्ध ग्रंथांतून आलेला असून 'बोधिमंड' या संस्कृत शब्दाचे ते चिनी-जपानी रूपांतर आहे. ज्या स्थानी बुद्धांना बोधी प्राप्त झाली ते बोधिमंड. दुसरे असे की 'कराटे' मधील 'करा' साठी फुनाकोशीने जे अक्षर स्वीकारले तेच अक्षर बौद्ध तत्त्वज्ञानातील शून्यतेसाठी वापरले जाते. मात्र याच विषयावरील भाषणात हमखास सांगितली जाणारी एक गोष्ट मी सांगणार नाही. ती म्हणजे बोधिधर्माने भारतातून जाऊन शाओलिन मठात ही विद्या शिकविली. ऐकायला गोड आहे, पण ज्या ग्रंथाच्या आधारावर ती उभी आहे तो सतराव्या शतकातला आहे, बोधिधर्मानंतर हजार वर्षांनी लिहिलेला. जे सिद्ध नाही ते अभिमानापोटी सांगू नये.

आता परीक्षेत काय होते ते पाहू. कराटेच्या परीक्षेचे साधारण तीन भाग असतात. पहिला किहॉन, म्हणजे ठोसे, लाथा, अडवणूक यांची जागच्या जागी किंवा पुढेमागे चालत केलेली पुनरावृत्ती. नवख्या पालकाला वाटते परीक्षक पहिला ठोसा पाहतो. तो पहिला पाहतच नाही. पहिला सर्वांचाच चांगला पडतो. तिसाव्या-चाळिसाव्या ठोशाला खांदा उचलू लागतो, गुडघा सरळ होतो, डोळे शेजाऱ्याकडे वळतात, तेव्हा परीक्षक पाहू लागतो. काही मुले थकली की आवाज वाढवतात, म्हणजे ठोसा ढिला आणि आरोळी मोठी. काही मुले परीक्षक समोरून गेला की हात सैल सोडतात आणि तो वळला की पुन्हा ताठ होतात. हे शाळेत, कचेरीत, सगळीकडे दिसते. कुणी पाहत असताना काम आणि पाठ फिरली की विश्रांती. फरक इतकाच की कचेरीत ते कळायला पाच वर्षे लागतात आणि इथे पाच मिनिटे.

दुसरा भाग काता. काल्पनिक प्रतिस्पर्ध्यांशी ठरावीक क्रमाने केलेले हे युद्ध. शोतोकान शैलीतील पहिला काता 'हेइआन शोदान', त्यात एकवीस हालचाली. ओकिनावाच्या इतोसु आन्को यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी शाळकरी मुलांसाठी जे पाच काते बसविले त्यांतला हा. याची मौज अशी की तो जिथून सुरू होतो तिथेच संपला पाहिजे. एक पाऊल तोकडे आणि एक लांब पडले की विद्यार्थी शेवटी हातभर दुसरीकडे उभा असतो. कुणी खोटे बोलू शकत नाही, जमीनच साक्ष देते. आता पाहण्यासारखी गोष्ट पुढे आहे. आपण चुकीच्या जागी आलो हे कळल्यावर मूल काय करते? काही जण हळूच पाय सरकवून जागेवर येतात. काही जण मधेच थांबून परीक्षकाकडे केविलवाणे पाहतात. काही जण रागाने शेवटचा ठोसा असा मारतात की जणू दोष हवेचा होता. आणि एखादा चुकल्या जागीच शांतपणे शेवटची हालचाल पूर्ण करतो, वाकतो आणि बाजूला होतो. अनुभवी परीक्षक या शेवटच्याला एक-दोन गुण कमी देईल, पण त्याचे नाव लक्षात ठेवील.

तिसरा भाग कुमिते, दोघांची झुंज. इथे मुलाचे खरे रूप दिसते असे सगळे म्हणतात, आणि ते बऱ्याच अंशी खरे आहे. पण आपण भलतीकडेच पाहतो. कोण जिंकला ते आपण पाहतो, आणि परीक्षक पाहतो की बलवान मुलाने दुबळ्या मुलाशी कसा व्यवहार केला. मोठ्या मुलासमोर हिरव्या पट्ट्याची लहानखुरी मुलगी उभी केली की त्याच्यापुढे तीन वाटा असतात. तिला लोळवून टाळ्या घ्यायच्या, तिची कीव करून खोटे खोटे खेळायचे, किंवा तिला पूर्ण मान देऊन नीट लढायचे आणि ठोसा तिच्या अंगापाशी येताच आवरायचा. ही तिसरी वाट सर्वांत कठीण. शक्ती नसणे सोपे, शक्ती वापरणे त्याहून सोपे. शक्ती असून ती बोटभर अंतरावर थांबविणे ही शिकवण.

हे आवरणे किती अवघड आहे याचे उदाहरण सबंध जगाने पाहिले. करोनामुळे एक वर्ष लांबलेल्या तोकियो ऑलिंपिकमध्ये कराटेचा प्रथमच समावेश झाला. ७ ऑगस्ट २०२१ रोजी ७५ किलोवरील पुरुष गटाच्या अंतिम फेरीत सौदी अरेबियाचा तरेग हमेदी इराणच्या सज्जाद गंजजादेह याच्यापेक्षा ४-१ असा पुढे होता. सुवर्णपदक हाताशी आले होते. त्याने उंच लाथ मारली, ती मानेपाशी इतक्या जोरात बसली की गंजजादेह बेशुद्ध पडला. किकबॉक्सिंग असते तर त्या क्षणी हमेदी विजेता ठरला असता. कराटेच्या नियमाप्रमाणे अतिरेकी आघाताबद्दल तो बाद झाला आणि स्ट्रेचरवरून बाहेर नेलेल्या गंजजादेहला सुवर्णपदक मिळाले. त्या निर्णयावर जगभर वाद झाला. मी हमेदीला दुष्ट म्हणणार नाही. अर्ध्या सेकंदाच्या धुमश्चक्रीत कुणाचाही पाय आवरला जाणार नाही. पण वर्गातील मुलांना नियंत्रण म्हणजे काय हे समजावताना याहून चांगला धडा मला माहीत नाही.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग काय, एका परीक्षेत मुलाचे शील कळले! इथेच मला थांबावेसे वाटते. संयुत्त निकायाच्या कोसल संयुत्तात एक प्रसंग आहे. भगवान बुद्ध श्रावस्तीला असताना राजा प्रसेनजित त्यांच्या भेटीस आला. जवळून जटिल, निगंठ, परिव्राजक असे निरनिराळ्या पंथांचे सात-सात साधू चालले होते. राजाने उठून, गुडघा टेकून, हात जोडून त्यांना वंदन केले आणि बुद्धांना म्हणाला की जगातील अर्हतांपैकी हे असावेत. बुद्धांनी सांगितले की संसारात राहणाऱ्या तुला हे ओळखणे कठीण आहे. शील कळते ते सहवासाने, तोही दीर्घकाळाचा, आणि पाहणारा लक्ष देणारा व समंजस असेल तरच. शुद्धता कळते ती व्यवहारातून. धैर्य कळते ते आपत्तीत. प्रज्ञा कळते ती चर्चेतून. तेव्हा राजाने खरी गोष्ट सांगितली. ते साधू त्याचेच हेर होते, वेश घेऊन मुलखात फिरणारे. घरी जाऊन ते अंघोळ करतील, दाढी करतील, पांढरी वस्त्रे घालून मौजेत राहतील.

विद्यार्थी मित्रहो, या चार कसोट्यांवर बेल्ट परीक्षा घासून पाहा. ही छोटीशी, मुद्दाम उभी केलेली आपत्ती आहे. म्हणून ती धैर्य दाखवू शकते. थकवा, भीती, लाज, पराभव यांच्या समोर मूल कसे उभे राहते एवढे तिच्यात दिसते. शील मात्र सहवासाचा विषय आहे, आणि परगावाहून आलेल्या परीक्षकाला तो सहवास कुठला? तो दुपारच्या गाडीने परत जाणार. गणवेश हा सुद्धा एक वेशच आहे. त्या दिवशी सगळेच वाकतात, सगळेच 'ओस' म्हणतात. व्यवहाराच्या कसोटीबद्दल आम्ही बँकेतली माणसे थोडे अधिकाराने बोलू शकतो. कर्जाचा हप्ता चुकला की आपण होऊन काउंटरवर येऊन सांगणारा एक असतो आणि आम्हाला बाजारात पाहून रस्ता बदलणारा एक असतो. अर्ज भरताना दोघांच्या सह्या सारख्याच सुंदर असतात.

मग शीलाची परीक्षा घेतो कोण? रोज शिकविणारा शिक्षक. चांगल्या वर्गात परीक्षेला कोण बसणार हे शिक्षक ठरवतो, आणि माझ्या मते खरी परीक्षा तिथेच होऊन गेलेली असते. वर्ग संपल्यावर झाडू कोण उचलतो, नव्या मुलाचा पट्टा कोण बांधून देतो, दुखापत झालेल्याची थट्टा कोण करतो, भर पावसात कोण येतो, हे त्यालाच माहीत असते. आमच्याकडे पावसाळ्यात वर्गाला येणे ही साधी गोष्ट नाही. परीक्षकाने पाहिलेली दहा मिनिटे ही त्या सहा महिन्यांवरची केवळ सही असते.

जपानमधील केंदो, म्हणजे बांबूच्या तलवारीची विद्या, या बाबतीत फार कडक आहे. तिथे पहिल्या डॅननंतर दुसरीसाठी एक वर्ष थांबावे लागते, तिसरीसाठी आणखी दोन, चौथीसाठी तीन, असे करत सातवीसाठी सहा, आणि आठवीसाठी तब्बल दहा वर्षे. बेरीज केली तर एकतीस वर्षे होतात. आठवीच्या परीक्षेला वयाची किमान सेहेचाळीस वर्षे पूर्ण हवीत आणि शंभरात एखादाच उत्तीर्ण होतो. या परीक्षेत प्रत्येकी सुमारे दोन मिनिटांच्या झुंजी असतात, पण गुण मोजत नाहीत. कुणी किती फटके मारले यापेक्षा तो कसा उभा राहिला, केव्हा पुढे झाला, केव्हा थांबला हे पाहतात. साठी उलटलेले गृहस्थ पाच-दहा वेळा नापास होऊन पुन्हा बसतात. मध्यंतरी ते काही हरवून बसलेले नसतात. ते रोज सराव करीत असतात.

आपल्याकडील तालमीत पट्टेच नव्हते. पुण्याचे लहुजी वस्ताद साळवे (१७९४-१८८१) यांच्या तालमीत तरुण जोतीराव फुले दांडपट्टा आणि निशाणबाजी शिकले. तिथे एकच पट्टा होता, हातात धरायचा! कुस्तीतही आजवर वस्ताद पोराला पाहून जोड ठरवितो. तुझा पोरगा अमक्याशी लढेल, तमक्याशी अजून नाही, एवढे त्याचे वाक्य हेच प्रमाणपत्र. या रीतीत एक मोठेपण आहे आणि एक धोकाही. वस्ताद न्यायी असेल तर त्याच्या डोळ्याहून चांगली कसोटी नाही; वस्तादाचा डोळा जातीवर, पैशावर किंवा नात्यावर असेल तर गरीब पोराला दाद मागायला जागाच उरत नाही. लेखी नियम, ठरलेला अभ्यासक्रम, बाहेरचा परीक्षक यांचे महत्त्व ज्यांना कधी काळी दाराबाहेर उभे केले गेले त्यांना अधिक कळते. म्हणून बेल्ट परीक्षा असावी, या मताचा मी आहे. ती सर्वांना एकाच रेषेवर उभे करते. मुंबईहून सुट्टीला आलेला मुलगा आणि धामापूरच्या वाडीतला मुलगा, दोघांनाही त्याच एकवीस हालचाली.

पण परीक्षा विकली गेली तर ती रेष पुसली जाते. एका वर्गाच्या परीक्षेला मी बाकावर बसून होतो. चाळीसेक मुले, शुल्क आगाऊ, आणि सगळीच्या सगळी उत्तीर्ण. एक मुलगा काता निम्म्यात विसरून रडत बसला होता, तोसुद्धा. पालक खूश झाले. मी त्या मुलाकडे पाहत होतो. पट्टा हातात देताना त्याने मान वर केली नाही. आपण पास झालो नाही हे त्याला ठाऊक होते, आणि मोठी माणसे खोटे बोलतात हेही त्याला त्या दिवशी कळले. याउलट दुसऱ्या एका वर्गात नववीतील एक मुलगी नापास झाली. शिक्षकांनी तिला सर्वांसमक्ष नव्हे, बाजूला बोलावून सांगितले, तुझा डावा पाय दर वेळी उचलला जातो, तीन महिन्यांनी ये, शुल्क पुन्हा नको. ती खांबाआड जाऊन रडली. मग तोंड धुऊन आली आणि पास झालेल्या मैत्रिणीचा नवा पट्टा तिनेच बांधून दिला. त्या परीक्षेच्या कागदावर तिच्या नावापुढे 'अनुत्तीर्ण' आहे. धैर्याच्या रकान्यात काय लिहावे हे वाचकांनी ठरवावे.

अजून एक सांगितले पाहिजे, ते लाजाळू मुलांविषयी. परीक्षेत घाबरणे म्हणजे चारित्र्य दुबळे असणे नव्हे. चार माणसांसमोर उभे राहण्याची सवय ज्या घरांत आहे तिथली मुले मोकळी वावरतात. ज्या घरात पहिल्यांदाच कुणी सभागृहाची पायरी चढले आहे तिथल्या मुलाचे पाय कापणारच. परीक्षकाला हा फरक कळला पाहिजे, आणि आई-वडिलांनाही. कापत्या पायांनी का होईना, पण नाव पुकारल्यावर ते मूल पुढे गेले ना? धामापूरच्या तलावाचा बांध १५३० सालचा, विजयनगरच्या काळात नागेश देसाई यांनी घातलेला. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगाने त्याला वारसा म्हणून मान्यता दिली. मान्यता एका वर्षी मिळाली, बांधाने पाऊस मात्र पावणेपाचशेहून अधिक झेलले.

शेवटी पालकांसाठी थोडे व्यवहाराचे. शासकीय नोकरीतील पाच टक्के खेळाडू आरक्षण मान्यताप्राप्त स्पर्धांतील कामगिरीवर मिळते, पट्ट्याच्या रंगावर नाही. तेव्हा त्या आशेने घाईघाईत काळ्या पट्ट्यासाठी पैसे मोजू नयेत. दोन वर्षांत ब्लॅक बेल्टची हमी देणारा वर्ग दिसला तर दुसरा शोधावा. वर्गाला नाव घालण्यापूर्वी शिक्षकांना एकच विचारावे, गेल्या परीक्षेत किती मुले नापास झाली आणि त्यांतली किती अजून वर्गाला येतात. या दुसऱ्या आकड्याचे उत्तर देताना ज्या शिक्षकाला मुलांची नावे आठवतात, त्याच्याकडे मूल पाठवायला हरकत नाही.